बधिर हातांचा इतिहास

कुष्ठरोग दिसतो कातडीवर, पण घर करतो नसांमध्ये. अंगावर उमटलेला फिकट चट्टा ही त्याची पहिली खूण. त्या चट्ट्यावर टाचणी टोचली तरी कळत नाही, कारण तिथल्या संवेदना वाहून नेणाऱ्या बारीक चेतातंतूंत जंतू शिरलेले असतात. पुढे बोटे आकडतात, पाऊल लुळे पडते, तळव्याला जखमा होतात, डोळा जातो. ही सगळी हानी चेतातंतूंच्या त्या एका बिघाडातून होते. हे वैद्यकाला उमगायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला आणि ते ज्ञान रुग्णाच्या हातापायांपर्यंत पोहोचायला आणखी शंभर वर्षे गेली. तोवर महारोग म्हणजे नासलेले रक्त किंवा गतजन्मीचे पाप असेच लोक मानत होते, आणि त्या समजुतीपायी माणसे गावाबाहेर काढली जात होती. गोदावरी आणि मांजरेच्या खोऱ्यांतला नांदेड-लातूरचा मुलूख या इतिहासाच्या दोन प्रवाहांच्या मधोमध येतो. एका बाजूला निजामाच्या राज्यातले दिचपल्लीचे रुग्णालय, दुसऱ्या बाजूला वर्धा-वरोऱ्याकडे उभी राहिलेली सेवाकेंद्रे.

हात मागे येतो तो कसा

चुलीवरचा तापलेला तवा बोटाला लागला की हात झटकन मागे येतो. चटका बसल्याची जाणीव त्यानंतर होते. अशा क्रियेला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. बोटाच्या कातडीत चेतातंतूंची उघडी टोके असतात. उष्णतेने ती चेतवली जातात आणि तिथून निघालेला विद्युत-संदेश हाताच्या नसेतून मानेपर्यंत येऊन मेरुरज्जूच्या मागच्या मुळातून आत शिरतो. मेरुरज्जूच्या करड्या भागात तो मधल्या चेतापेशींकडे आणि त्यांच्याकडून प्रेरक चेतापेशींकडे जातो. प्रेरक पेशीचा तंतू पुढच्या मुळातून बाहेर पडून दंडाच्या स्नायूपर्यंत पोहोचलेला असतो. आज्ञा मिळताच तो स्नायू आकसतो व कोपर दुमडते. त्याच क्षणी कोपर सरळ करणाऱ्या विरुद्ध बाजूच्या स्नायूला ढिले पडायला सांगितले जाते. हा सारा व्यवहार सेकंदाच्या लहानशा अंशात उरकतो. संदेशाची एक शाखा मेंदूकडेही जाते, पण ती पोहोचून वेदना जाणवेपर्यंत हात सुटलेला असतो.

मेरुरज्जू प्रौढ माणसात सुमारे 45 सेंटिमीटर लांब असतो. तो कण्याच्या पोकळीतून खाली उतरतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्यातून चेतांच्या, म्हणजे नसांच्या, 31 जोड्या निघतात. मेंदूतून निघणाऱ्या जोड्या 12. या सर्वांचे फाटे आणि उपफाटे मिळून परिघीय चेतासंस्था होते. पायाच्या अंगठ्याची खबर आणणारा तंतू तिथून कमरेपर्यंत सलग असतो आणि त्याची लांबी सुमारे एक मीटर भरते. मायलिनचे जाड आवरण असलेल्या तंतूंतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने धावतो. रेंगाळणारी, ठसठसती वेदना ज्या उघड्या तंतूंतून जाते त्यांचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन मीटरच. परिघीय तंतूंना मायलिनचे आवरण देणाऱ्या आणि त्यांचा सांभाळ करणाऱ्या पेशींना श्वॅन पेशी म्हणतात. कुष्ठरोगाचा जंतू नेमका याच पेशींत मुक्काम करतो.

मेरुरज्जूची पुढची मुळे हालचालीची आहेत हे स्कॉटलंडच्या चार्ल्स बेल यांनी 1811 मध्ये सुचवले आणि मागची मुळे संवेदनेची हे फ्रान्सच्या फ्रान्स्वा माजांदी यांनी 1822 मध्ये प्रयोगाने दाखवले. गुडघ्याच्या वाटीखाली हलका ठोका मारला की पाय उडतो, ही तपासणी 1875 मध्ये जर्मनीत एर्ब आणि वेस्टफाल यांनी वैद्यकात आणली. त्या क्रियेत संवेदी आणि प्रेरक अशा दोनच पेशी एकमेकींना भेटतात. प्रतिक्षिप्त क्रियांची पूर्ण मांडणी इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 च्या ग्रंथात केली. 1932 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. युरोपात हे शास्त्र आकाराला येत होते त्याच काळात मुंबईत एक डॉक्टर कुष्ठरुग्णांच्या नसा उकलून पाहत होता.

मुंबईतले शवविच्छेदन, नॉर्वेतला जंतू

हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी ‘ग्रेज ॲनॉटॉमी’ या शरीररचनेच्या प्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढली. ग्रंथ लंडनमध्ये 1858 साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी कार्टर मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचना शिकवू लागले. निरोगी शरीरातली प्रत्येक नस ज्याने चित्रात उतरवली होती त्याला रोगट नस ओळखणे अवघड नव्हते. कुष्ठरुग्णांच्या शवविच्छेदनात त्यांना हातापायांतल्या नसा जाड आणि सुजलेल्या आढळल्या. बधिरपणाचा उगम तिथे आहे हे त्यांनी 1860 च्या दशकातल्या लेखनात मांडले. पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन असताना त्यांनी रुग्णांच्या नोंदी चालू ठेवल्या आणि 1874 मध्ये कुष्ठरोगावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

नॉर्वेत बर्गेन येथे डॅनियलसेन आणि बोक यांनी 1847 मध्ये या रोगाचे पहिले शास्त्रशुद्ध वर्णन केले होते. रोग आनुवंशिक आहे असे डॅनियलसेन मानत. त्याच शहरात 1873 मध्ये गेरहार्ड हॅन्सेन यांनी रुग्णाच्या गाठींतून जंतू शोधून काढला. कार्टर त्या सुमारास नॉर्वेला गेले आणि हे काम त्यांनी जवळून पाहिले. पापाचे आणि रक्तदोषाचे स्पष्टीकरण शास्त्रापुरते तिथे संपले. समाजात ते पुढेही टिकून राहिले.

हा जंतू फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे लागण आणि पहिला चट्टा यांत कित्येक वर्षे जाऊ शकतात. प्रयोगशाळेच्या काचपात्रात तो आजवर वाढवता आलेला नाही. शरीराच्या आतल्या उष्णतेपेक्षा त्याला थोडा थंडावा मानवतो, म्हणून कातडीजवळून जाणाऱ्या नसांवर त्याचा रोख असतो. कोपराच्या आतल्या बाजूची, गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाला वळसा घालणारी, घोट्यामागची, मानेवरची आणि चेहऱ्याची नस या त्याच्या ठरलेल्या जागा. जंतूंना विरोध करताना शरीर जी सूज निर्माण करते तीही घातक ठरते, कारण नसेचे वेष्टण फारसे ताणले जात नाही आणि आतले तंतू दाबाखाली मरतात.

एका नसेत तीन प्रकारचे तंतू असतात आणि तिन्ही जातात. संवेदी तंतू गेले की चटका, टोचणी आणि दाब कळेनासे होतात. प्रेरक तंतू गेले की पंजातले लहान स्नायू वाळतात. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आकडते, मग अंगठा बोटांना टेकेनासा होतो. पायात हेच घडले तर चालताना पाऊल उचलले जात नाही, ते फरफटते. घाम आणि रक्तवाहिन्या यांवर ताबा ठेवणारे स्वायत्त तंतू गेले की कातडी कोरडी पडून भेगाळते आणि त्या भेगांतून इतर जंतू आत शिरतात. गुडघ्याचा ठोका मात्र बहुतेक रुग्णांत शाबूत राहतो, कारण स्नायूंच्या ताणाची खबर देणारे जाड तंतू आणि त्यांचा मार्ग पुष्कळदा वाचलेला असतो. पाय हातोडीला उत्तर देतो आणि पायाखालच्या काट्याला देत नाही.

डोळ्याचे नुकसानही असेच होते. धुळीचा कण बुबुळाला लागला की पापणी मिटते. त्याची खबर पाचवी मस्तिष्क चेता नेते आणि पापणी मिटण्याची आज्ञा सातवी आणते. कुष्ठरोगात दोन्ही बाधित होऊ शकतात. मग कण कळत नाही, कळला तरी पापणी मिटत नाही, आणि बुबुळाला जखम होऊन दृष्टी जाते.

दिचपल्लीची वाट

मुंबई शहरात 1890 मध्ये माटुंग्याला महारोग्यांसाठी आश्रयगृह उघडले गेले. पालिका आयुक्त ॲकवर्थ यांचे नाव त्याला पुढे लागले. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी 1898 मध्ये कायदा झाला. भीक मागत फिरणाऱ्या रुग्णांना पकडून कोंडून ठेवणे, हा त्याचा गाभा होता. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड हा त्यातला एक जिल्हा, तर लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले व्यापारी गाव.

विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली आणि मनमाड ते सिकंदराबाद हा मार्ग नांदेडवरून गेला. याच मार्गावर नांदेडला लागून असलेल्या निझामाबाद जिल्ह्यात दिचपल्ली आहे. स्कॉटलंडहून आलेल्या डॉक्टर इझाबेल कर आणि त्यांचे पती जॉर्ज कर या मिशनरी दांपत्याने तिथे 1915 मध्ये कुष्ठरुग्णालय उभारले. नरसा गौड या स्थानिक हिंदू श्रीमंताच्या देणगीचा त्याला मोठा आधार होता. उपचार होता कडू कवठाच्या कुळातल्या झाडांच्या बियांच्या तेलाचा. पूर्वी ते पोटात देत, तेव्हा मळमळ आणि उलट्या होत. पुढे ते कातडीत आणि स्नायूंत टोचले जाऊ लागले. सुया दुखत, गळवे होत, आणि गुण आला तरी तो लवकर आलेल्या रुग्णांत. तरीही या रुग्णालयाने एक मोठा पालट घडवला. कोंडून ठेवण्याच्या जागेऐवजी बरे होण्यासाठी यायची जागा निर्माण झाली. इझाबेल कर 1932 मध्ये वारल्या.

दिचपल्लीत अनेक वर्षे काम केलेले डॉक्टर जॉन लो पुढे कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात आणि तिथून नायजेरियात गेले. डॅप्सोन हे कुष्ठरोगावरचे स्वस्त औषध गोळीच्या रूपात, बेताच्या मात्रेत दिले तर चालते, हे त्यांनी तिथे 1950 च्या सुमारास दाखवून दिले. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी भारतात सामील झाले आणि 1956 मध्ये राज्यांची फेररचना होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. दिचपल्ली आंध्र प्रदेशाकडे गेली. नांदेडची दिशा आता विदर्भाकडे वळली.

वर्ध्याचे वळण

विदर्भात काम आधीच सुरू झाले होते. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढले. सेवाग्रामात परचुरे शास्त्री या संस्कृत पंडितांना कुष्ठरोग झालेला असताना गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि त्यांच्या जखमा स्वतः धुतल्या. अमरावतीला डॉक्टर शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन वसवले. तिथे रुग्णांनी विहिरी खणल्या, शेती केली, इमारती बांधल्या. बाबांना स्वतःला पुढे कण्याच्या विकाराने गाठले. बसणे अशक्य झाले आणि उरलेले आयुष्य त्यांनी उभे राहून किंवा आडवे पडून काम करत काढले.

1951 मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झाले. डॉक्टर रा. वि. वारदेकरांनी तिथे रुग्णाची वाट न पाहता घरोघर जाऊन पाहणी करायची, लोकांना माहिती द्यायची आणि गावातच औषध द्यायचे, अशी पद्धत बसवली. केंद्र सरकारने 1955 मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला तेव्हा हीच पद्धत पायाभूत ठरली. मराठवाड्यातल्या गावोगावीही पुढे असेच सर्वेक्षण होऊ लागले. नांदेडजवळ नेरलीला कुष्ठधाम उभे राहिले.

वेदनेचे मोल

जंतू मारता येऊ लागले तरी हातांचा प्रश्न सुटला नव्हता. औषधाने बरे झालेल्यांची बोटे झिजतच होती. याचे उत्तर तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मिळाले. शल्यविशारद पॉल ब्रँड 1946 मध्ये तिथे आले. रुग्णांच्या जखमांची रोजच्या रोज छाननी केल्यावर त्यांना दिसले की प्रत्येक जखमेला बाहेरचे काही तरी कारण आहे: गरम भांडे, अवजाराची मूठ, जोडा चावणे. रात्री झोपेत बोटे उंदीर कुरतडत आणि रुग्णाला जाग येत नसे. जंतू बोटे खात नव्हते. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच काम करत राही, तिच्यात पू होई, आणि हाड थोडे थोडे नाहीसे होई.

नांदेड-लातूरच्या शेतात हे धोके पावलोपावली आहेत. कापूस वेचताना बोंडाची टोके, कापणीनंतर जमिनीत उरलेले तुरीचे टोकदार खुंट, खुरप्याची मूठ, भाकरीचा तवा. ज्याला दुखते तो हात काढून घेतो, पाय झटकतो, लंगडून का होईना जखमी पायावरचा भार कमी करतो. बधिर पायाचा माणूस त्याच जागेवर तेवढाच भार टाकत मैलभर चालतो. जखम लवकर न भरण्याचे मुख्य कारण एवढेच आहे. म्हणून उपचारात विश्रांती, प्लास्टर आणि मऊ तळाचे जोडे आले. सूक्ष्म छिद्रांच्या रबराची, एमसीआर नावाने ओळखली जाणारी चप्पल पावलावरचा दाब सगळीकडे सारखा वाटते.

आकडलेल्या बोटांसाठी ब्रँड यांनी 1948 पासून शस्त्रक्रिया केल्या. नस मेली की तिचे स्नायू कायमचे निकामी होतात, पण शेजारच्या शाबूत नसेचे स्नायू काम करत असतात. अशा एका स्नायूचा स्नायुबंध सोडवून तो बोटांना जोडायचा आणि व्यायामाने त्याला नवे काम शिकवायचे, अशी ही पद्धत. महाराष्ट्रात डॉक्टर नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच काम केले. बसलेले नाक, झडलेल्या भुवया आणि वाकडे हात त्यांनी सुधारले; चेहरा दुरुस्त झाल्यावर माणसाला गावात परत जाता येते हे ते आग्रहाने सांगत. अशी शस्त्रक्रिया हालचाल परत देते, स्पर्श देत नाही. बोटाला पकड येते, तव्याचा चटका तरीही कळत नाही. म्हणून सुधारलेल्या हाताचीही राखण डोळ्यांनीच करावी लागते.

तीन औषधे

एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाल्याचे 1960 च्या दशकात सिद्ध झाले. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन ही औषधे एकत्र द्यावीत अशी शिफारस केली. भारतात हा बहुविध औषधोपचार ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत वर्धा होता. 1983 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाचे नाव आणि उद्दिष्ट बदलून ते निर्मूलन झाले. थोडे चट्टे असलेल्याला सहा महिने आणि जास्त चट्टे असलेल्याला एक वर्ष औषध पुरते. रिफाम्पिसिनच्या पहिल्या मात्रेनंतर काही दिवसांतच रुग्णापासून लागण होण्याची शक्यता जवळजवळ संपते. 1980 च्या दशकाच्या आरंभी देशात दहा हजार लोकांमागे पन्नासहून अधिक रुग्ण नोंदले जात होते. डिसेंबर 2005 मध्ये हे प्रमाण एकाच्या खाली आले.

किल्लारी: बिघाड दुसऱ्या टोकाला

याच काळात लातूर जिल्ह्याने चेतासंस्थेच्या दुसऱ्या टोकाची इजा पाहिली. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर लोक गाढ झोपेत असताना, औसा तालुक्यातल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता 6 च्या थोडी वर होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि मातीचे जाड धाबे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावे भुईसपाट झाली, मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या घरात गेला आणि हजारो जखमी झाले. अशा पडझडीत सापडलेल्यांना होणाऱ्या इजांत मोडलेला कणा ही सर्वांत दूरगामी.

कण्याचा मणका मोडून मेरुरज्जू चेचला तर त्या पातळीखालच्या शरीराचा मेंदूशी संबंध तुटतो. हातापायांच्या नसा धड असतात, त्यांतून खबर मेरुरज्जूपर्यंत येतेही, पण वर जात नाही. सुरुवातीच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत इजेखालच्या प्रतिक्षिप्त क्रिया बंद पडतात. मग त्या परत येतात आणि पूर्वीपेक्षा तीव्र होऊन येतात, कारण त्यांना आवर घालणाऱ्या मेंदूच्या आज्ञा पोहोचत नाहीत. पाय ताठरतात, हलक्या स्पर्शाने उसळतात. रुग्णाला मात्र त्यातले काहीच जाणवत नाही. लघवीची पिशवी सांभाळणारी केंद्रे मेरुरज्जूच्या अगदी खालच्या टोकाला आहेत, त्यामुळे तिच्यावरचा ताबाही जातो. कुष्ठरोगात संदेशाचे जाळे हातापायांच्या टोकाशी तुटते, इथे मेरुरज्जूत. दोन्हींचा परिणाम एका जागी मिळतो: बधिर कातडी. पडून राहिलेल्या माणसाच्या माकडहाडावर आणि टाचेवर होणारे व्रण आणि कुष्ठरुग्णाच्या तळव्याचे व्रण दाब न कळल्यामुळेच होतात.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी कणा मोडलेले बहुतेक रुग्ण या व्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी 1944 पासून रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याची शिस्त लावली आणि ते जगू लागले. पुण्याजवळ खडकीला जखमी सैनिकांसाठी 1974 मध्ये सुरू झालेले पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर याच विचारावर चालते. अपघातात सापडलेल्याला खांदे आणि पाय धरून दुमडून उचलू नये, डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून फळीवर सरकवावे, हा नियम मेरुरज्जू वाचवण्यासाठी आहे. मेलेल्या चेतापेशी मेरुरज्जूत पुन्हा उगवत नाहीत. परिघीय नसेला थोडी संधी असते. तिचा तंतू रोज सुमारे एक मिलिमीटर वाढू शकतो, पण कोपरापासून बोटांपर्यंत पोहोचायला त्याला वर्षाच्या वर लागते आणि तोवर स्नायू जिवंत राहावा लागतो.

उरलेले काम

कुष्ठरोग संपलेला नाही. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात. महाराष्ट्रात आशा कार्यकर्त्या शोधमोहिमेत घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे पाहतात. 2019 मध्ये संसदेने विवाहविषयक कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण काढून टाकले. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तरी भीतीपोटी चट्टा लपवला जातो आणि तेवढ्यात नस जाते.

नस वाचवण्यासाठी वेळ हेच सर्वांत मोठे औषध आहे. उपचार चालू असताना किंवा संपल्यानंतरही शरीराची प्रतिक्रिया भडकून नस अचानक सुजू शकते. कोपर दुखते, करंगळीला मुंग्या येतात, पापणी पूर्ण मिटत नाही, चप्पल पायातून न कळत निसटते. ही लक्षणे दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत सूज उतरवणारे प्रेडनिसोलोन सुरू केले तर पुष्कळ रुग्णांत गेलेली शक्ती आणि संवेदना परत येते. त्यानंतर ती क्वचितच येते. म्हणून कुष्ठरोग तंत्रज्ञ दर भेटीत कोपरामागची नस चाचपतो, रुग्णाला डोळे मिटायला लावून तळहात आणि तळपाय यांच्या ठरलेल्या बिंदूंवर बॉलपेनचे टोक टेकवतो आणि बोटे, मनगट, पाऊल यांची ताकद पाहतो. ज्यांची संवेदना कायमची गेली आहे त्यांनी रोज हातपाय पाण्यात भिजवून तेल लावायचे, तळवे डोळ्यांनी तपासायचे, चुलीशी फडके वापरायचे आणि अनवाणी चालायचे नाही. बधिर अवयवाची राखण प्रतिक्षिप्त क्रिया करू शकत नाही. ती रोजच्या सवयीने करावी लागते, आणि ती सवय ज्यांनी लावून घेतली त्यांचे हातपाय शाबूत राहतात.